आहार, जीन आणि आजार ह्यावर रिसर्च करायचाय? सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींसाठी सविस्तर

नीटचा स्कोअर आला नाही म्हणून बीएस्सीला आलाय किंवा बायो मनापासून आवडतं म्हणून आलाय, ते काही का असेना, पण घरात आजीला शुगर, वडलांना बीपी, आणि डोक्यात सारखं येतं की आमच्याकडं तर पिढ्यानपिढ्या ज्वारीची भाकरी न आमटी, रानात राबणारी माणसं, अंगावर चरबी पण दिसत नाही, मग ही शुगर आली कुठनं? ज्यांना हा प्रश्न खरंच पडतो त्यांच्यासाठी लिहितोय. ह्या प्रश्नावर जगभर लोक आख्खं करिअर घालवतात, त्याला फेलोशिप आहे, लॅब आहेत, नोकऱ्या आहेत (कमी आहेत, त्यावर खाली बोलू), आणि ह्यातलं जगात गाजलेलं काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालंय. मी स्वतः ह्याच फील्डमध्ये काम करतो, गाव खानापूर तालुक्यात, त्यामुळं आपल्याकडच्या पोरांना नेमकं काय माहीत नसतं ते मला माहितीय.

आधी विषय काय ते नीट समजून घ्या, कारण नुसतं नाव ऐकून लोक ॲडमिशन घेतात आणि मग कंटाळतात.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. लिव्हरमध्ये तोच, मेंदूत तोच, साधारण २०,००० प्रोटीन बनवणारे जीन. तरी लिव्हर लिव्हरसारखं वागतं कारण कुठला जीन चालू न कुठला बंद हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरतं. रात्री दारं धरायला गेलेल्याला हे लगेच कळेल, पाटाला पाणी एकच असतं पण ते कुठल्या वाफ्यात जाणार हे खोऱ्यानं दारावर ओढलेल्या मातीवर ठरतं. डीएनएवर मिथाइल नावाचा बारका रासायनिक गट चिकटतो, तो जीनच्या सुरवातीच्या भागात दाट चिकटला की बहुतेक वेळा तो जीन गप्प बसतो. ह्या सगळ्याला एपिजेनेटिक्स म्हणतात, शब्द वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये आणला, तेव्हा मिथाइल वगैरे भानगड कुणाला माहीत पण नव्हती.

आता आहार कुठं आला? तर हा मिथाइल गट येतो जेवणातनं. पालेभाजी न डाळीतलं फोलेट, दूध-अंडी-मटणातलं बी१२, अंड्यातलं कोलीन, प्रोटीनमधलं मेथिओनिन, ह्यांचं एक चक्र शरीरात फिरत असतं आणि त्यातनं मिथाइल देणारा रेणू तयार होतो. बी१२ कमी पडलं की होमोसिस्टीनचं मेथिओनिन होत नाही, रक्तात होमोसिस्टीन साठतं आणि चक्र अडखळतं. हे चक्र तुम्हाला झोपेतनं उठवलं तरी कागदावर काढता आलं पाहिजे, ह्या फील्डमध्ये कुठल्याही इंटरव्ह्यूला बसा, कुणीतरी हेच विचारणार. आणि मिथाइल हा एकच रस्ता नाही. फॅटी ॲसिड थेट पीपार नावाच्या रिसेप्टरला (पेशीतलं निरोप घेणारं प्रोटीन) जाऊन चिकटतात आणि जीन चालू करतात, व्हिटॅमिन ए आणि डी चे स्वतःचे रिसेप्टर आहेत, आणि आपण जे तंतुमय खातो त्यातनं आतड्यातले बॅक्टेरिया ब्युटिरेट बनवतात, ते हिस्टोनवरचे (डीएनए ज्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो त्यावरचे) गट काढणाऱ्या एन्झाईमला अडवतं. म्हणजे भाकरी नुसती कॅलरी देत नाही, ती जीनपर्यंत निरोप पोचवते.

तीन कामं अशी आहेत की जी मूळ पेपर काढून वाचल्याशिवाय पुढं जाऊच नका. पहिलं २००३ चं, वॉटरलँड आणि जर्टल, अगूटी जातीच्या उंदरांवर. गाभण उंदरीला फोलिक ॲसिड, बी१२, कोलीन, बीटेन जास्त दिलं तर पिवळ्या लठ्ठ पिलांऐवजी तपकिरी पिलं जास्त जन्माला आली, डीएनएचा क्रम तोच, फक्त एका जागेवरचं मिथायलेशन, म्हणजे मिथाइल चिकटण्याचं प्रमाण, वाढलं. दुसरं हॉलंडचं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, माणशी रेशन दिवसाला १,००० कॅलरीच्याही खाली गेलं, आणि त्या काळात जी मुलं नुकतीच आईच्या पोटात आली होती त्यांच्या आयजीएफ-२ नावाच्या, वाढीशी संबंधित जीनवर साठ वर्षांनी सुद्धा मिथायलेशन कमी सापडलं. हा पेपर २००८ चा. फरक किती होता माहितीय? दुष्काळ न सोसलेल्या भावंडांत ५१.५ टक्के आणि ह्यांच्यात ४८.८ टक्के. बस. हा आकडा लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

तिसरं आपलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांना गरोदर व्हायच्या आधीपासून फॉलो केलं. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचं स्नायूचं मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. बारीक दिसणारं पण आतनं चरबीचं बाळ. २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये याज्ञिक सरांचा आणि त्यांचे ब्रिटिश मित्र युडकिन ह्यांचा शेजारी शेजारी फोटो आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि सरांची २१.२ टक्के. वर आजीच्या शुगरचा जो प्रश्न आहे त्याच्या उत्तराची सुरवात इथं आहे. मग २००८ मध्ये त्याच मुलांचा, सहा वर्षांची झाल्यावरचा रिझल्ट आला, ज्या आयांचं गरोदरपणात फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं त्यांच्या मुलांत इन्शुलिन रेझिस्टन्स (इन्शुलिन असून त्याचा असर कमी होणं, शुगरची पहिली पायरी) सगळ्यात जास्त. आपल्याकडं गरोदर बाईला सरकारी गोळी मिळते त्यात लोह ६० मिलिग्रॅम आणि फोलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं, बी१२ नसतं. (हे वाचून कुणी गोळ्या बंद करायला सांगू नका बरं का, फोलिक ॲसिडमुळं बाळाच्या मणक्याचे गंभीर दोष टळतात आणि लोह तर लागतंच. प्रश्न एवढाच आहे की बी१२ चं काय, आणि त्यावर ट्रायल झाल्यात, होतायत.)

शिक्षणाचं बोलू. बीएस्सी बायोटेक, झूलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रो, होम सायन्समधलं फूड न्यूट्रिशन, बीफार्म, एमबीबीएस, कशानंही येता येतं. विलिंग्डनला असा, साताऱ्याला यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला असा, कराडला असा, काही फरक पडत नाही, तीन वर्षात तुम्ही काय वाचलं आणि हातानं काय केलं त्यानं पडतो. एमएस्सीला शक्यतो बाहेरची एंट्रन्स द्या. जॅम ह्या परीक्षेनं आयआयटी मिळतं, आणि गॅट-बी म्हणून परीक्षा आहे जी आपल्याकडं फार कमी पोरं देतात, त्यातनं केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या (डीबीटी) जागा मिळतात आणि महिन्याला स्टायपेंड पण मिळतो. शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, बायोटेक केलं तरी चालतंय, पण मग उन्हाळ्यात घरी बसायचं नाही. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप असते, दोन महिने देशातल्या कुठल्यातरी चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं, त्याचा फॉर्म भराच. एमबीबीएसवाल्यांना आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, मिरज किंवा कराडला असाल तर तुमच्याच वॉर्डात विषय सापडेल.

त्यानंतर नेट, म्हणजे पीएचडीला फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा. सीएसआयआरची लाइफ सायन्स, वर्षातनं दोनदा, २०० मार्क, तीन भाग. पार्ट ए जनरल ॲप्टिट्यूड ३० मार्क, बी ७०, सी १००. पार्ट सी मध्ये ७५ प्रश्नांतले फक्त २५ सोडवायचे असतात, म्हणजे सगळा सिलॅबस करायची गरज नाही, आठ-नऊ युनिट खोल करा. मॉलिक्युलर बायोलॉजी, सेल सिग्नलिंग, मेथड्स ही युनिट पुढं आयुष्यभर कामाला येणार आहेत तर तीच खोल करा. जेआरएफ (नेटमधनं मिळणारी ती फेलोशिप) मिळाली की जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी तीच वाढून एसआरएफ होते, ४२,०००. डीबीटीची बेट ही परीक्षा वेगळी, ती पण द्या. आणि पीएचडीला ॲडमिशन झालं पण जेआरएफ नाही असं असेल तर सारथी, बार्टी, महाज्योती ह्यांच्या फेलोशिप बघा, आपल्या भागातल्या कितीतरी पोरांची पीएचडी त्यावर झालीय.

घरच्यांना समजवायचं हा वेगळा पेपर असतो. विट्यात, कराडात, साताऱ्यात अभ्यासिका भरलेल्यात एमपीएससीवाल्यांनी, घरच्यांना ती वाट कळते, ही कळत नाही. तेव्हा त्यांना शास्त्र सांगत बसू नका, जेआरएफचा आकडा सांगा, किती वर्षं लागतात ते खरं सांगा (एमएस्सीनंतर पाच-सहा, कधी जास्त), आणि कुठल्या संस्थेत जाणार तिचं नाव सांगा. पोरींसाठी हे जास्त अवघड आहे, एमएस्सी संपली की स्थळं सुरू होतात आणि पीएचडी म्हणजे वय निघून चाललं असं ऐकावं लागतं. लग्न झालं, मूल झालं, मध्ये गॅप पडला तरी परत येता येतं, डीएसटीची (केंद्राचा विज्ञान विभाग) वाईज-किरण आणि डीबीटीची बायोकेअर ह्या त्यासाठीच्या योजना आहेत. सासरच्यांशी बोलताना हे आधीच टेबलावर ठेवा असं मी माझ्या ज्युनिअर मुलींना सांगतो. कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यात, जिथं कमवा आणि शिका मधनं पिढ्या शिकल्या, तिथं शिकणाऱ्या पोरीला वय मोजून दाखवणं मला पटत नाही.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी खरं तर एवढं लिहायला घेतलं. ह्या फील्डमध्ये दोन टोकं आहेत. एका टोकाला डीएनए वाचणारा सिक्वेन्सर, चिप, कोडिंग, आणि दुसऱ्या टोकाला एखाद्या बाईनं काल खरंच काय खाल्लं. पहिलं टोक जगात कुठंही पैसे देऊन मिळतं. दुसरं मिळत नाही. करोडोंची मशीन लावून डीएनए वाचायचा आणि आहाराची माहिती मात्र घाईघाईत भरलेल्या एका फॉर्मवरनं घ्यायची, असे पेपर ढिगानं आहेत आणि त्यांचा उपयोग फार थोडा आहे. तुम्ही खेड्यातनं आलाय ही तुमची ताकद आहे, ती वापरा.

उदाहरण देतो. २४ तासांचा रिकॉल म्हणून पद्धत असते, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारायचं. शहरातनं आलेला इन्व्हेस्टिगेटर विचारतो, ती म्हणते दोन भाकरी न कोरड्यास. लिहिलं, झालं. पण भाकरी केवढी? जतकडची भाकरी आणि पाटणकडची भाकरी एक नाही, आणि एकाच गल्लीत दोन घरची सारखी नसते, त्यामुळं काटा घेऊन जायचं आणि त्या घरची भाकरी त्या घरात वजन करायची. कोरड्यास कशाचं, कूट किती, तेल किती, पातेल्यातलं किती जणांनी वाढून घेतलं, ती शेवटी जेवली का, शेवटी जेवली तर रस्सा राहिला होता का नुसता खरडा, पोरासंगं ताटात जेवली का, हे विचारायचं. चहा किती वेळा आणि त्यात दूध किती हे कुणी आपणहून सांगत नाही, आणि ज्या घरात मटण-अंडी नाही तिथं बी१२ चा बहुतेक हिशेब त्या दुधावरच आहे. नवरा किंवा सासू समोर बसली असेल तर उत्तर बदलतं, तेव्हा बोलणं भाकरी थापताना चुलीपाशी काढायचं.

आणि वार. आपल्याकडं खायचे वार न न खायचे वार असतात, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, मग मधेच गावची जत्रा आणि तेव्हा आठवडाभर मटण. बाजारच्या दिवशी भाजी, चार दिवसांनी नुसती डाळ. तुम्ही रिकॉल कुठल्या दिवशी घेता त्यावर उत्तर बदलणार, म्हणून एकदा विचारून भागत नाही, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या सीझनला परत जावं लागतं. ऊसतोडीला आलेल्या टोळीचं तर पूर्ण वेगळं, पहाटे फडात जायच्या आधी केलेलं दिवसभर पुरवायचं. एवढं सगळं गोळा झालं की मग एनआयएनच्या (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) २०१७ च्या फूड कंपोझिशन टेबलमधनं पोषकांचा हिशेब काढायचा, त्यात ५२८ पदार्थ आहेत, पण तुमच्या घरचं माडगं, कण्या, डाळमेथी त्यात तयार मिळणार नाही, घटक मोजून रेसिपी स्वतः बांधावी लागते. हे शिकायला लॅब लागत नाही, स्वतःच्या घरात काटा घेऊन आठवडाभर करून बघा, आजपासून.

मिश्री हा असाच एक प्रश्न. तंबाखूचा डीएनए मिथायलेशनवर एवढा ठळक परिणाम होतो की बिडी-सिगारेट ओढणारा माणूस रक्तातल्या काही जागांवरनं ओळखता येतो. बायकांना विचारलं तंबाखू खाता का तर नाही म्हणतात, आणि खरंच खात नाहीत, पण सकाळी उठून मिश्री लावतात. फॉर्ममध्ये मिश्रीचा प्रश्न नाव घेऊन वेगळा नसेल तर तुम्ही आहाराचा परिणाम म्हणून जे दाखवाल ते दुसरंच काहीतरी असू शकतं.

आता एक सराव देतो, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात चांगला, कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही असा. हॉलंडचा तो अभ्यास आपल्याकडं १९७२ च्या दुष्काळावर करायचा असेल तर कसा कराल, दोन पानांत लिहा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मिलो (बाहेरनं आलेली तांबडी ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटलेला खाऊ) अजून आठवते, खडी फोडायच्या कामावर गरोदर बायका होत्या, आणि तेव्हा पोटात असलेली पोरं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. कल्पना भारी वाटते ना? आता अडचणी बघा, ह्याच्यातच शास्त्र आहे.

हॉलंडचा दुष्काळ थोड्या महिन्यांचा, सुरवात-शेवट ठरलेला, रेशनच्या नोंदी होत्या. आपला लांबत गेलेला, गावागावात वेगळा. कोण नेमक्या कुठल्या महिन्यात पोटात होतं हे कळायला जन्मतारीख पाहिजे, आणि आपल्याकडं त्या पिढीत निम्मं गाव एक जूनचं, शाळेत गुरुजींनी लिहून घेतलेलं. आधारवर एक जून, पॅनवर एक जून. ही तारीख घेऊन तुम्ही गर्भाचा पहिला तिमाही ठरवला तर सगळा अभ्यास पाण्यात. मग जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक शोधायचं, किंवा आईला विचारायचं, सुगी होती का पेरणी, दिवाळीच्या आधी का नंतर, थोरल्याच्या वेळी का धाकट्याच्या. त्यानंतर तुलना कुणाशी? पश्चिमेकडच्या पाऊसवाल्या पाटण-जावळीशी करू म्हणाल तर तिथं जेवणच वेगळं, भात-नाचणी, डोंगर, कामं वेगळी. हॉलंडवाल्यांनी ह्याच्यावर उपाय काढला होता, दुष्काळात पोटात असलेल्या माणसाची तुलना त्याच्याच सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी केली, दुष्काळाच्या आधी किंवा नंतर जन्मलेल्या. आपल्याकडं भावंडं भरपूर, हे जमू शकतं. पण एक भाऊ गावात न दुसरा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्याला तमिळनाडूत गेलेला असेल तर? त्याचं पुढचं सगळं आयुष्याचं जेवण वेगळं. आणि जी बाळं जगलीच नाहीत ती तुमच्या सॅम्पलमध्ये येणारच नाहीत, म्हणजे तुम्ही फक्त टिकलेल्यांना मोजताय. असं एकेक लिहीत जा. ही दोन पानं घेऊन पीएचडीच्या इंटरव्ह्यूला गेलात तर समोरचा माणूस मार्कशीट बाजूला ठेवून तुमच्याशी बोलेल.

दुसऱ्या टोकाचं पण शिकायलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. लॅबमध्ये बायसल्फाईट पद्धत समजून घ्या, त्यानं मिथाइल नसलेल्या सायटोसिनचा (डीएनएच्या चार अक्षरांतलं एक) युरॅसिल होतो आणि मिथाइल असलेला तसाच राहतो, त्यावरनं नकाशा मिळतो. चिपवर करायचं तर ईपिक ॲरे असतो, त्याच्या पहिल्या व्हर्जनवर साधारण साडेआठ लाख जागा एका वेळी बघता यायच्या. आता हिशेब करा, साडेआठ लाख टेस्ट आणि पी-व्हॅल्यूची मर्यादा ०.०५ धरली (म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोग चालवून घेतला) तर आहाराचा काडीचा परिणाम नसताना सुद्धा ४२,५०० जागा नुसत्या योगायोगानं पॉझिटिव्ह येणार. हे ज्याला कळलं त्याला स्टॅटिस्टिक्स का शिकायचं ते सांगावं लागत नाही. वरचा हॉलंडचा आकडा आठवा, फरक तीन टक्क्यांच्याही आत, एवढ्या बारीक फरकात केसेस (दुष्काळ सोसलेले) सोमवारच्या प्लेटवर आणि कंट्रोल (न सोसलेले) मंगळवारच्या प्लेटवर लावले तरी खोटा फरक दिसतो, त्याला बॅच इफेक्ट म्हणतात, म्हणून सॅम्पल मिसळून लावायचे. शिवाय आपल्याला मिळतं रक्त, लिव्हर नाही मिळत, आणि रक्तात पांढऱ्या पेशींचे प्रकार माणसागणिक कमीजास्त असतात, प्रत्येक प्रकाराचं मिथायलेशन वेगळं, तर ती दुरुस्ती करायची पद्धत शिकायची.

आर नावाची आकडेमोडीची कोडिंग भाषा फुकट आहे, तिच्यातला बायोकंडक्टर हा बायोचा संच फुकट, त्यातलं मिनफी पॅकेज मिथायलेशनसाठीच आहे, आणि जिओ नावाच्या डेटाबेसवर जगभरच्या अभ्यासांचा डेटा फुकट पडलाय. साधा लॅपटॉप असला तरी लहान डेटासेट चालतो, लॅपटॉप कमी पडला तर गॅलक्सी नावाची वेबसाईट आहे, ती ब्राउझरवर चालते. एक पेपर घ्या, त्याचा डेटा उतरवा, त्यांचा एक आकृतीवाला रिझल्ट स्वतः काढून बघा. जमला नाही तर का जमला नाही ते लिहा. पेपर शोधायला पबमेड ही वेबसाईट, शक्यतो पबमेड सेंट्रलवरचे, पूर्ण मिळतात. इंग्रजी कच्चं असलं तरी सुरू करा, मेथड्सचा भाग आधी वाचा, तिथली इंग्रजी साचेबंद असते, दोन-तीन महिन्यात सरावाची होते.

फील्डवरचं रक्ताचं पण काम हातात पाहिजे. होमोसिस्टीन मोजायचं असेल तर रक्त काढल्या काढल्या बर्फात ठेवून लवकर सेंट्रिफ्यूज करावं लागतं, नाहीतर तांबड्या पेशी ते सोडत राहतात आणि आकडा खोटाच वाढतो. वाडीवर लाईट नाही, सेंट्रिफ्यूज तालुक्याला, गाडी घाटात, हे सगळं आधी आखायला लागतं. अंगणवाडी ताई आणि आशा ताई ह्यांच्याशिवाय ह्यातलं काहीही होत नाही, त्यांच्याकडच्या माता-बाल कार्डावर जन्माचं वजन असतं, त्या म्हणतील त्या घरी दार उघडतं. त्यांना फक्त राबवून घेऊ नका, पेपरमध्ये आभार आणि बजेटमध्ये मानधन दोन्ही ठेवा. एथिक्स कमिटीची परवानगी आधी, संमतीपत्र पुस्तकी मराठीत नको, बोलून कळेल असं, आणि ज्याचं रक्त घेतलं त्याचा शुगर-हिमोग्लोबिनचा रिपोर्ट त्याच्या हातात गेलाच पाहिजे. रिपोर्ट न देता निघून गेलेल्या टीमनंतर गावात दुसऱ्याला कुणी उभं करत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

कुठं जायचं म्हणाल तर, पुण्यात केईएमचं डायबिटीस युनिट, भारती विद्यापीठाची इर्षा नावाची संस्था (तिथं गरोदरपण, बी१२ आणि ओमेगा-३ वर बरंच काम झालंय), आयसर, आणि पेशींवर काम करणारं एनसीसीएस. हैदराबादला सीसीएमबी ही पेशी न जीनवरची संशोधन संस्था, तिथं डॉ. गिरिराज चांडक ह्यांच्या ग्रुपनं पुण्या-मुंबईच्या मुलांवर एपिजेनेटिक्सचं काम केलंय, आणि एनआयएन, जी १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली, तिथं अप्लाइड न्यूट्रिशनची एमएस्सी पण आहे. बंगळूरला सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूट. मेल करताना ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड’ असलं एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातली एक गोष्ट जी तुम्हाला पटली नाही किंवा पुढं काय करता येईल असं वाटलं ती चार ओळीत लिहा, तुम्ही हातानं काय केलंय ते दोन ओळीत, आणि कधीपासून येऊ शकता ते. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, वाईट वाटून घेऊ नका.

एक सांगलीचा विषय. हळद. आपल्याकडचा माणूस ह्या फील्डमध्ये आहे म्हटलं की पहिला प्रश्न हळदीनं जीन बदलतात का, कॅन्सर बरा होतो का. हळदीत कर्क्युमिन (तिचा पिवळा घटक) साधारण तीन टक्के, ते आतड्यातनं फार थोडं रक्तात जातं, आणि लॅबमधल्या कितीतरी टेस्टमध्ये ते खोटा पॉझिटिव्ह देतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या जर्नलमध्ये सगळा आढावा घेऊन लेखकांनी लिहिलं की कर्क्युमिनची एकही नीट डबल-ब्लाइंड ट्रायल (खरं औषध कुणाला दिलं हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही) यशस्वी झालेली नाही. आपल्या मार्केट यार्डातल्या, जीआय टॅग (ठरावीक भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालेल्या मालाबद्दल असं बोलणं जिवावर येतं, पण शास्त्रज्ञ व्हायचं तर आपल्या मालाला पण तोच नियम लावायचा. हळद आमटीत घाला, चांगलीच आहे, औषध म्हणून विकायची असेल तर ट्रायल दाखवा.

पीएचडीनंतरचं खरं सांगतो. कायम प्रोफेसरच्या जागा कमी निघतात, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) एक-दोन करावे लागतात, बाहेर हंबोल्ट, मारी क्युरी, इथं इंडिया अलायन्स, आणि बाहेरून परत येण्यासाठी रामलिंगस्वामी, ह्या त्यासाठीच्या फेलोशिप. बाहेर जाताना इथल्या माणसांचं रक्त न डीएनए असंच घेऊन जाता येत नाही, त्याला आरोग्य मंत्रालयाच्या कमिटीची वेगळी परवानगी लागते, वेळ धरून अर्ज करा. प्रोफेसरकी सोडून बायोइन्फर्मेटिक्स, क्लिनिकल ट्रायल, डायग्नोस्टिक लॅब, पोषणाच्या सरकारी न युनिसेफसारख्या कामात ह्या शिक्षणाला मागणी आहे, आणि ज्याला फील्ड न कोडिंग दोन्ही येतं तो रिकामा बसलेला मी तरी बघितला नाही. थुंकी तपासून तुमच्या जीनप्रमाणे डाएट सांगतो म्हणणाऱ्या कंपन्या पण बोलावतील, पगार बरा असतो. जॉईन व्हायच्या आधी एवढंच विचारा की तुमच्या डाएटनं लोकांना साध्या चांगल्या डाएटपेक्षा जास्त फायदा झाला ह्याची ट्रायल दाखवा. दाखवत नसतील तर तिथं तुम्हाला शास्त्र करायला मिळणार नाही.

शेवटी फॉर्मचं तेवढं बघा. समर फेलोशिपचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतात, जॅमचे त्याच्याही आधी आणि परीक्षा फेब्रुवारीत. जॅम, गॅट-बी, नेट ह्या सगळ्या केंद्राच्या परीक्षा आहेत, त्यामुळं ओबीसी नॉन-क्रिमिलेयर आणि ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या फॉरमॅटमध्ये लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो चालू वर्षाचा लागतो. सेतूत सांगताना केंद्राचा पाहिजे असं स्पष्ट सांगा आणि फॉर्म निघायच्या आधीच काढून ठेवा.